मीठ पिकतं

मु. खारघोटी, ता. पेण, जि. कुलाबा
५ डिसेंबर १९५९

चि. दिनानाथ,

चिरंजीव लिहिलंय ते आई असती तर तिनं लिहायला लावलं असतं म्हणून. बाकी आशीर्वादबिशीर्वाद काही नाहीत. सहा वर्षं तुला एक ओळ लिहिली नाही, आजही लिहिली नसती. पण तू न विचारता माझ्या वर्गात घुसलास, मग मी गप्प का बसू?

दिवाळीच्या सुट्टीनंतर बोर्डाकडून आमच्या शाळेला रेडिओ आला. पेंढ्यात गुंडाळून, बैलगाडीतून. बॅटरी रेडिओहून जड. एरियलची तार चिंचेला बांधली. हेडमास्तर रामचंद्र गुरुजींनी नारळ फोडला, हार घातला आणि मंगळवारी दुपारी अडीचला त्याचा कान पिळला, तर आतून तू. 'नमस्कार, बालमित्रांनो.' हातातला खडू पडला. पोरं म्हणाली, बाई घाबरल्या. म्हटलं, घाबरल्या नाहीत, हा बाईंचा धाकटा भाऊ आहे, मुंबईला रेडिओवर शाळांसाठी धडे करतो. झालं. आता गावभर तू 'बाईंचा भाव' आहेस, आणि मला ते नाकारताही येत नाही.

आता तुझ्या शिकवण्याबद्दल. बोलू ना? मास्तरकी केलीस तू अवघी दोन वर्षं, तीही पुण्यात, बाकांच्या शाळेत. माझी सतरा वर्षं झाली जमिनीवर बसणाऱ्या पोरांसमोर. तू प्रश्न विचारतोस आणि श्वास घ्यायच्या आत उत्तरही देतोस. 'पृथ्वी कशाभोवती फिरते बरं? बरोब्बर, सूर्याभोवती.' कोण बरोब्बर? माझ्या वर्गात बेचाळीस पोरं आहेत, आणि पहिल्या दिवशी तुझ्या प्रश्नाला त्यांतल्या एकोणीस जणांनी हात वर केले होते. रेडिओसमोर. हात वर करून बसली होती बिचारी, आणि तू आपला पुढे. शेवटी मोरू उठून उभा राहिला आणि त्यानं उत्तर त्या जाळीत तोंड घालून ओरडून सांगितलं. तू 'शाब्बास' म्हणालास. ते कुणाला म्हणालास देव जाणे, पण मोरू दोन दिवस हवेत होता.

प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे असतात, दिनानाथ. शिक्षकाला ते दहा आकडे जड जातात, पण पोराला लागतात. आणि एका हुशार पोराला उठवायचं म्हणजे बाकीच्यांना झोपायची परवानगी द्यायची. मी उठवत नाही कुणाला. मी म्हणते, पाटीवर लिहा. सगळ्यांचं झालं की म्हणते, पाट्या वर. बेचाळीस पाट्या एकदम वर येतात आणि कुणाचं काय चुकलंय ते मला एका नजरेत कळतं. कुणी शेजाऱ्याचं बघून लिहिलं, कुणी लिहिलंच नाही, सगळं.

तुझा रेडिओ मी आता माझ्या पद्धतीनं लावते. लावण्याआधी फळ्यावर तीन शब्द लिहायचे: हे आले की चुटकी वाजवा. मग पोरं कान देतात. संपलं की तुझा रेडिओ बंद आणि आमचा सुरू. आमचा म्हणजे रॉकेलचा डबा, एका बाजूनं पत्रा कापलेला. एक पोर त्यामागे बसून तुझा धडा आपल्या भाषेत सांगतं आणि बाकीची त्याला प्रश्न विचारतात. आमचा रेडिओ उत्तरं देतो. तुझ्यापेक्षा बरा आहे.

लिहायचं कारण आता सांगते. तुमची छापील पुस्तिका आली आहे. त्यात १२ जानेवारीला 'मिठाची गोष्ट' म्हणून तुझा धडा आहे. आता मीठ म्हटल्यावर खारघोटीत काय होणार ते तुला सांगायला नको. आप्पांनी उभा जन्म याच मिठागरात कारकुनी केली आणि आपण दोघं याच बांधावर चालायला शिकलो. येसाजी आठवतो का? भरतीचं पाणी रस्त्यावर आलं की तुला खांद्यावर बसवून शाळेत पोचवायचा तो. त्याची धाकटी कोकिळा माझ्याकडे सातवीत आहे. येत्या एप्रिलमध्ये ती सातवीच्या फायनल परीक्षेला बसेल. आगरात राबणाऱ्या घरांतून आजवर एकही मुलगी फायनलला बसलेली नाही. मीठ निघायचा हंगाम आणि परीक्षा एकाच वेळी येतात, त्यामुळे मुली चौथीतच आगरात जातात. येसाजीची मी चार वर्षं मनधरणी केली आहे. पास झाली तर पोर शिक्षिका होईल, तिच्या हातात पाटी राहील, फावडं नाही, असं सांगून सांगून त्याला वळवला आहे. एक फेब्रुवारीपर्यंत फॉर्मवर त्याचा अंगठा लागतो.

तर तो येणार आहे तुझा धडा ऐकायला. आगरातल्या चारपाच घरांना घेऊन. 'आपला दिनू मिठावर बोलनार' असं सांगत फिरतोय. म्हणून सांगते, जरा सावकाश बोल. आणि प्रश्न विचारलास तर थांब.

सत्यवती

---

खारघोटी
२६ डिसेंबर १९५९

दिनानाथ,

तुझं उत्तर मिळालं. 'आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. शालेय विभाग.' छापील कार्ड. खाली तुझी सही, तीही रबरी शिक्क्याची.

मी तुला लहानपणी न्हाऊ घातलंय, आणि तू मला शिक्का पाठवतोस? आणि सूचना कसली, धडा दिला होता मी तुला. ते कार्ड मी रॉकेलच्या डब्यावर डकवलं आहे, पोरांना खऱ्या रेडिओसारखं वाटतं.

तुला वाटत असेल, अक्काला जुना राग आहे. आहेच. त्रेपन्न साली मला न विचारता माझ्या बदलीचा अर्ज कुणी केला? 'एकट्या विधवा बाईनं खाजणात राहणं बरं दिसत नाही,' असं तू साहेबाला जाऊन सांगितलंस. अलिबागच्या बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा मला कळलं. तो रद्द करून घेताना माझ्या चपला झिजल्या. पण त्याचा आणि याचा संबंध नाही. येसाजीनं नवी टोपी शिवून घेतली आहे बारा तारखेसाठी, एवढंच तुला कळावं.

सत्यवती

---

खारघोटी
१३ जानेवारी १९६०

दिनानाथ,

काल तू जे केलंस ते तुला मुंबईत बसून दिसलं नसेल. मी सांगते, सगळं नीट वाच.

अडीचच्या आधी तासभर माणसं आली. येसाजी, त्याची बायको आवडाबाई, त्यांच्या आगरातली दहाबारा माणसं. आंघोळी करून, धुतलेले कपडे घालून. म्हटलं, बाकं नाहीत, पोरांच्या रांगेत बसावं लागेल. बसली. येसाजी कोकिळेच्या शेजारी बसला, पोरांसारखी मांडी घालून, टोपी सरळ करत. मी फळ्यावर तीन शब्द लिहिले: ऊन, पाणी, वारा. रेडिओ लावला.

आणि मग तुझं ते नाटुकलं. गुरुजी तू स्वतः. आणि एक गावंढळ गडी, त्याचं नाव काय, तर येसबा. चिरक्या आवाजाचा, नाकातून बोलणारा. 'गुरुजी, मीठ पिकतंय! बी नाय, नांगर नाय, खत नाय, तरी पिकतंय!' आणि मागे भोंगा. तू हसतोस, तुझ्यासोबत दहाबारा शहरी पोरं हसतात. मग तू म्हणतोस, 'अरे येसबा, मीठ म्हणजे काय भात आहे पिकायला? मुलांनो, मीठ तयार होतं. काय होतं? तयार होतं.' पुन्हा भोंगा. पंधरा मिनिटांत सहा वेळा भोंगा वाजला. मी मोजला.

आधी माझी पोरंही हसली. त्यांचा काय दोष? भोंगा वाजला की पोर हसतंच. मग एकेकाच्या लक्षात आलं की हा येसबा आपल्या बापासारखा बोलतोय. हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत विझत गेलं. पोरांना कुठं बघावं कळेना.

त्यापुढचं माझ्या हातून झालं. तू संपलास, मी रेडिओ बंद केला, आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं: लिहा, मिठाचं काय होतं? पाट्या वर.

बेचाळीस पाट्या वर आल्या. एकेचाळीस पाट्यांवर 'तयार होते.' शुद्धलेखनाची एक चूक नाही. आईबापांच्या डोळ्यांदेखत, जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवतात त्यांच्या तोंडासमोर, त्यांच्याच पोरांनी पाट्या धरल्या होत्या. कोकिळेची पाटी तेवढी कोरी होती. तिनं लिहिलेलं पुसलं होतं, ओला डाग दिसत होता.

येसाजीला वाचता येत नाही. त्यानं मला विचारलं, काय लिवलंय पोरांनी? मला ते मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं. कोणत्या जन्मीचं पाप होतं कोण जाणे. तो रेडिओकडे बघतही नव्हता, माझ्याकडेच बघत होता. मग उठला, कोकिळेच्या हातातली पाटी घेऊन माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला,

"बाय, पोर उद्यापासून आगरान."

तेवढंच. आवडाबाई माझ्याकडे न बघता निघून गेली. आज कोकिळा आली नाही.

आता मी सांगते ते करायचं. रविवारी भाऊच्या धक्क्यावरून धरमतरची लाँच धरायची, खारघोटीला यायचं आणि येसाजीच्या दारात उभं राहून सांगायचं की चुकलं. रेडिओवरून नाही, तोंडानं. त्याच्या खांद्यावर बसून शाळेत गेलास तू. एक फेब्रुवारीला फॉर्मची मुदत संपते, आजपासून एकोणीस दिवस आहेत. पोर एकदा हंगामाला जुंपली की पुढच्या वर्षी लग्न. मग तू कितीही भोंगे वाजव.

सत्यवती

---

खारघोटी
२२ जानेवारी १९६०

दिनानाथ,

रविवार येऊन गेला. तू आला नाहीस, पत्र आलं. या खेपेला निदान हातानं लिहिलेलं आहे.

तर तुझं म्हणणं असं की विनोदाशिवाय पोरं ऐकत नाहीत. की त्या कार्यक्रमाला शहरातल्या शाळांतून चौदा पत्रं आली, सगळी कौतुकाची. की मी राईचा पर्वत करते आहे. आणि कोकिळेसाठी म्हणून तू पुस्तिका पाठवली आहेस, पहिल्या पानावर तुझी सही. खरी सही. धन्य आहे तुझी. पोरीची परीक्षा बुडवायची आणि वर सहीचा प्रसाद द्यायचा.

विनोद मला कळतो. वर्गात मी तुझ्याहून जास्त हसवते पोरांना. पण मी हसवते तेव्हा हसणारे आणि ज्याला हसायचं तो, एकाच खोलीत असतात. चुकलं तर त्याच्या तोंडावर मला दिसतं आणि मला तिथंच थांबता येतं. तू पेटीत बसून हसवतोस, तुला कुणाचं तोंड दिसतं?

तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीला मी उत्तर देणार नाही. मी तुला लिहिलेली जुनी पत्रं आठवून बघ म्हणतोस. मला माहीत आहे त्यांत काय आहे.

इथलं सांगते. रामचंद्र गुरुजी दोनदा येसाजीकडे जाऊन आले. त्यानं चहा दिला, हंगामाच्या गप्पा मारल्या, फॉर्मचं नाव काढलं की उठून बांधावर गेला. कोकिळेचं नाव हजेरीत आहे, मी रोज पुकारते, पोरं तिच्या रिकाम्या जागेकडे बघतात.

मग म्हटलं, पोर वर्गात येत नाही तर वर्ग पोरीकडे नेऊ. सोमवारी पाचवी, सहावी, सातवी घेऊन मी आगरावर गेले. तुझा तो 'मिठाची गोष्ट' धडा भोंग्याशिवाय कसा घेतात ते ऐक. तीन बाटल्या घेतल्या. एकीत खाडीचं पाणी भरलं, दुसरीत मधल्या वाफ्यातलं, तिसरीत मीठ धरायला आलेल्या वाफ्यातलं. प्रत्येकाला तिन्ही पाण्यांत बोट बुडवून चाखायला लावलं. मग तिन्ही पाणी तीन पातेल्यांत ओतलं आणि बटाटा काढला. विचारलं, हा बटाटा कोणत्या पाण्यात तरंगेल? आधी लिहा, मग बघू. मनात दहा मोजले. पोरं बटाट्याकडे बघत होती, कुणी लिहीना.

कोकिळा वीस हातांवर होती. गुडघ्यापर्यंत साडी खोचून, हातात फळी घेऊन मीठ ओढत होती. तिनं मान वर केली नाही, फळी थांबवली नाही, आणि म्हणाली, "तिसऱ्या. त्ये पानी जड हाय."

बटाटा तिसऱ्या पातेल्यात तरंगला. पोरं ओरडली. मी कोकिळेकडे बघितलं आणि मला रडू आलं, खरंच सांगते. मी सतरा वर्षं ज्यासाठी घसा कोरडा करते ते सगळं त्या एका वाक्यात होतं. येसाजी पलीकडच्या बांधावर उभा होता. त्यानं पोरीकडे नुसतं बघितलं, आणि ती आमच्याकडे पाठ फिरवून मीठ ओढायला लागली.

मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, येसाजी, दिनू चुकला, मी त्याला बोलावलंय. तो म्हणाला, त्याला कशाला तरास. आणि पाणी सोडायला गेला. मला आणखी बोलायचं होतं, ते राहिलं.

दहा दिवस राहिले आहेत.

सत्यवती

---

खारघोटी
३१ जानेवारी १९६०, रविवार

चि. दिनू,

तू परवा तार केलीस की पुढच्या महिन्यात सवड काढून येतो. नको येऊस. का नको ते सांगते, आणि आधीच्या पत्रांत जे लिहिलं नाही तेही सांगते. मध्ये बोलू नकोस.

बावन्न साली, मी इथल्या शाळेत नुकती बदलून आले होते तेव्हा, येसाजी कोकिळेचं नाव बिगरीत घालायला शाळेत आला. सहा वर्षांची पोर, त्याचं बोट धरून. मी रजिस्टर उघडून विचारलं, बापाचा धंदा? म्हणाला, मीठ पिकवतो. मी म्हटलं, मीठ पिकवत नाहीत रे, 'मीठ तयार करणे' असं लिहिते. तो नम्रपणे म्हणाला, "तयार व्हते ती भाकर, बाय. मीठ पिकतं. बी नाय, नांगर नाय, खत नाय, तरी पिकतं. म्हणून तं पयली मूठ आमी घरान नेत नाय, दर्याला देतो."

मी हसले. आणि रजिस्टरात 'मीठ तयार करणे' असं लिहिलं. आजही तसंच आहे, काल उघडून बघितलं.

त्या दिवाळीला मी तुला पत्र लिहिलं. तेव्हा आपलं बरं होतं. इथल्या लोकांच्या गमती म्हणून लिहिल्या, त्यात हेही लिहिलं. 'बी नाय, नांगर नाय, खत नाय' सगळं त्याच्या बोलीत, नाकातून कसा बोलतो तेसुद्धा. तो नाकातून बोलत नाही, दिनू. ते मी माझ्या मनचं घातलं, तू हसावंस म्हणून. आणि ती पहिल्या मुठीची गोष्ट गाळली. कारण ती लिहिली असती तर तू हसला नसतास.

तेव्हा तुझा येसबा माझा आहे. तू फक्त भोंगा लावलास. तुझ्या त्या पत्राची शेवटची ओळ वाचून मला तुझा संताप आला, कारण तू खरं बोलत होतास.

आणि येसाजीला हे बारा तारखेपासूनच माहीत होतं. ते बोल त्यानं जन्मात एकदाच उच्चारले होते, माझ्या टेबलासमोर, आणि तिथं तिसरं कुणी नव्हतं, सहा वर्षांच्या पोरीशिवाय. म्हणून तो त्या दिवशी रेडिओकडे न बघता माझ्याकडे बघत होता. मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी तुला तीन पानं शिव्या दिल्या, त्याच्यासमोर तुझं नाव पुढे केलं, तुला लाँचमध्ये बसवून इथं उभं करायला निघाले. अठरा दिवस. पोरीची मुदत सरत होती आणि मी माझी लाज झाकत बसले.

आणखी एक. तिसरीत असताना कोकिळेनं निबंधात लिहिलं होतं, 'आमच्या आगरात मीठ पिकते.' मी लाल पेन्सिलीनं त्यावर काट मारली आणि 'तयार होते' असं दहा वेळा लिहायला लावलं. तिनं लिहिलं. पोरांना बोलतं करायला, ऐकतं करायला मी जन्म घालवला. रेडिओला नावं ठेवली, पाट्या काय, डबे काय, बटाटे काय. आणि ज्या पोरीला खरं माहीत होतं तिच्याकडून दहा वेळा खोटं लिहून घेतलं. बारा तारखेला तिनं पाटी का पुसली ते तुझ्यापेक्षा मला चांगलं ठाऊक आहे.

आज सकाळी फॉर्म घेऊन त्याच्या घरी गेले. तो ओसरीवर टोपलीची कड बांधत होता. आवडाबाई आणि कोकिळा आत होत्या, दार उघडं होतं. मी बसले नाही. सगळं सांगितलं, जसं तुला सांगितलं तसं. पत्र मी लिहिलं, नाकातला आवाज मी घातला, मूठ मी गाळली, लाल काट मी मारली. दिनूचं काही नाही, दिनूनं माझंच वाचलं.

तो कड बांधत राहिला. मी गेलेच नाही म्हटल्यावर त्यानं टोपली खाली ठेवली आणि विचारलं,

"लिवताना हसलीस का गं?"

मी म्हटलं, हो.

मी दहा मोजले, वीस मोजले, पुढे मोजायचं सोडून दिलं. मग त्यानं हात पुढे केला. मला आधी कळलंच नाही, मग दौत उघडली. त्यानं अंगठा बुडवला, मी दाखवली त्या जागी दाबून उठवला, फडक्याला पुसला. कोकिळा दारात येऊन उभी होती. तिच्याकडे बघत तो मला म्हणाला,

"पोरीला मास्तरीण कर, बाय. तुझ्यासारखी नको."

मी बरं म्हटलं. शाई वाळेपर्यंत तिथंच उभी राहिले. उद्या रामचंद्र गुरुजी फॉर्म पेणला नेतील.

तुझी,
अक्का